पोळी त्यांनी कमावलेली आहे

फुटबॉलची मोठी स्पर्धा जवळ आली की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला. तो वाचून आईने नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला माझ्या धाकट्या भावाला फोन केला. भाऊ-वहिनी राहतात त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मोरोक्कन कुटुंब आहे. वहिनीच्या बाळंतपणाला आई तिकडे गेली होती, तेव्हा त्या घरातली आजी तिला सोबत घेऊन बाजारात जायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी छान जमलं होतं. त्याच घराबद्दल आई भावाला म्हणाली, "मॅचच्या दिवशी दार उघडू नका. जमलं तर जागाच बदला." एका मेसेजने एवढं केलं, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

मेसेज लांबलचक आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्कोने बेल्जियमला हरवलं आणि बेल्जियममधल्या मोरोक्कन स्थलांतरितांनी अख्खं ब्रुसेल्स जाळलं. युरोपात जन्मून, युरोपच्या पैशावर खेळ शिकून मोरोक्कोकडून खेळणारे खेळाडू गद्दार. परदेशात राहून मायदेशाच्या संघासाठी बेभान होणं हे एकाच धर्माचे लोक करतात. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी', ज्यांना हे कळत नाही त्यांना हाकलून द्यावं. आणि शेवटी, भारतीय माणूस मात्र जिथे जातो तिथलाच होऊन राहतो.

ब्रुसेल्सपासून सुरुवात करतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. २७ नोव्हेंबर २०२२ ला मोरोक्कोने बेल्जियमला २-० हरवलं आणि ब्रुसेल्सच्या मध्यवस्तीत दंगा झाला. गाडी पेटवली, ई-स्कूटर जाळल्या, दगडफेक झाली. पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर वापरला. रॉटरडॅम आणि हेगमध्येही गोंधळ झाला. ज्याची गाडी जळली त्याला कोणतंही स्पष्टीकरण पुरणार नाही, आणि मीही देणार नाही. पण 'अख्खं ब्रुसेल्स'? पोलिसांच्याच सांगण्यानुसार दंगा करणारे काही डझन होते. त्यातले काही तोंड झाकून आले होते आणि सामना संपायच्या आधीच पोलिसांना भिडले होते. ताब्यात घेतले ते डझनभर. बेल्जियममध्ये मोरोक्कन मुळांची माणसं पाच लाखांच्या आसपास आहेत. शहराचे महापौर फिलिप क्लोज यांनी त्याच दिवशी सांगितलं की ही माणसं समर्थक नाहीत, दंगेखोर आहेत, आणि मोरोक्कोचे समर्थक जल्लोष करायला आलेले आहेत. ज्यांच्या शहरात दंगा झाला त्यांना हा फरक दिसला.

११ जुलै २०२१ ला युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला तिकीट नसलेले इंग्लिश समर्थक जथ्याने फाटकं फोडून लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये घुसले होते. सामना त्यांच्याच देशाचा, त्यांच्याच राजधानीत. त्यावरून कोणी इंग्रजांच्या निष्ठेबद्दल मेसेज लिहिला नाही. फुटबॉलच्या गर्दीत गुंड असतात. ते हुडकून त्यांच्यावर खटले भरावेत. खालच्या मजल्यावरच्या आजीचा त्याच्याशी संबंध नाही.

खेळाडूंचा मुद्दा लवकर संपवतो. मोरोक्कोच्या २६ जणांच्या त्या संघात १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते, हे बरोबर. हकिमी माद्रिदमध्ये जन्मला, झियेश नेदरलँड्समधल्या ड्रॉन्टनमध्ये, गोलरक्षक बोनो कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये. प्रशिक्षक वालिद रेग्रागुई पॅरिसजवळच्या एका उपनगरातले. जागतिक फुटबॉल संघटना फिफाचे नियम याला परवानगी देतात आणि युरोपचे देश स्वतः त्या नियमांचा भरपूर फायदा घेतात. जर्मनीकडून सर्वाधिक गोल करणारा मिरोस्लाव्ह क्लोजे पोलंडमध्ये जन्मला. लुकास पोडोल्स्कीही तिथलाच. २००८ च्या युरोत त्याने पोलंडविरुद्ध जर्मनीसाठी दोन्ही गोल केले आणि आनंद साजरा केला नाही. त्याला जर्मनीत कोणी गद्दार म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

काकांनी एवढा एक सामना मात्र जरूर पाहावा. २ जुलै २०१८, रशियातलं रोस्तोव्ह, बेल्जियम विरुद्ध जपान. बेल्जियम ०-२ ने मागे होता. एक गोल फिटला. बरोबरीचा गोल केला मारुआन फेलायनीने आणि अगदी शेवटच्या क्षणी विजयी गोल नासेर शाडलीने. दोघांचेही आईवडील मोरोक्कन. शाडली तर आधी मोरोक्कोकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळून मग बेल्जियमकडे आलेला. त्या स्पर्धेत बेल्जियम तिसरा आला, ही त्यांची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. तेव्हा गद्दारी कोणी कोणाशी केली, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

'एकाच धर्माचे लोक' या मुद्द्याला दोन सामने पुरेत. १८ जून १९९४ ला न्यूयॉर्कशेजारच्या जायंट्स स्टेडियमवर आयर्लंडने इटलीला १-० हरवलं. मैदान अमेरिकेत, आणि स्टँड भरले होते हिरव्या आणि निळ्या रंगांनी, ज्यात पिढ्यानपिढ्या अमेरिकेत राहिलेली आयरिश आणि इटालियन घराणी होती. २५ जून २०११ ला कॅलिफोर्नियात रोझ बोल स्टेडियमवर उत्तर अमेरिकेतल्या देशांच्या गोल्ड कपचा अंतिम सामना झाला, मेक्सिको ४, अमेरिका २. प्रेक्षक ९३,४२०, आणि बहुसंख्य मेक्सिकोचे. स्वतःच्या देशात यजमान संघाला पाहुण्यासारखं खेळावं लागलं. यातले बहुतेक सगळे ख्रिस्ती, तेही कॅथलिक. पुढे बोलायची गरज नाही.

आता पोळी आणि टाळी. या म्हणीचा मला खरा राग आहे, कारण ती ऐकायला शहाणपणाची वाटते आणि आईला पटली ती हीच.

पोळी दिली कोणी, हे आधी पाहू. १९५६ साली बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत आग लागून २६२ कामगार मेले. त्यातले १३६ इटालियन होते. त्यानंतर इटलीने आपली माणसं त्या खाणींत पाठवणं थांबवलं. कोळसा तर काढायचा होता, म्हणून बेल्जियमने इतर देशांशी करार केले. मोरोक्कोशी आणि तुर्कस्तानशी १९६४ मध्ये. जर्मनीने तुर्कस्तानशी १९६१ मध्येच केला होता, नेदरलँड्सने मोरोक्कोशी १९६९ मध्ये केला. या माणसांना बोलावून नेलं होतं, तिथली माणसं जी कामं करायला तयार नव्हती त्या कामांसाठी. हकिमीची आई स्पेनमध्ये लोकांची घरं साफ करायची, वडील रस्त्यावर वस्तू विकायचे, हे त्यानेच सांगितलं आहे. अशा घरातल्या मुलाला 'तू आमची पोळी खाल्लीस' म्हणणं हा त्याच्या आईच्या कष्टांचा अपमान आहे. पगार हा कामाचा मोबदला असतो. त्यात कर भरावा लागतो, कायदा पाळावा लागतो. टाळी कोणासाठी वाजवायची, हे कोणत्याही करारात लिहिलेलं नव्हतं.

आणि ज्यांनी टाळी वाजवली, नुसती टाळी नाही, देशाचा शर्ट घालून विश्वचषक जिंकून दिला, त्यांचं काय झालं? मेसूत ओझिल तुर्की घरातला, जर्मनीत गेल्सेनकिर्शेनला जन्मला. त्याने तुर्कस्तान सोडून जर्मनी निवडला. ८ ऑक्टोबर २०१० ला बर्लिनमध्ये जर्मनी-तुर्कस्तान सामन्यात तुर्की प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. त्याने गोल केला आणि जर्मनी ३-० जिंकला. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. मेसेजच्या हिशोबाने यापेक्षा चांगला स्थलांतरिताचा मुलगा सापडणार नाही. २०१८ मध्ये त्याने तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांबरोबर फोटो काढला. तो फोटो त्याने काढायला नको होता असं मलाही वाटतं. त्यानंतर जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना त्याने लिहिलं, "आपण जिंकलो की मी जर्मन असतो, हरलो की स्थलांतरित." हे वाक्य कोणीही तीनदा वाचावं. टाळीची अट पूर्ण करणाऱ्याला हे मिळालं असेल, तर जर्मनीतल्या ड्युसबर्गमधल्या तुर्की मुलाने ती अट का पाळावी? त्याला जो संघ बिनशर्त आपला वाटतो, त्याच्यासाठी तो गाडीतून झेंडा बाहेर काढून हॉर्न वाजवत फिरतो. रात्री अकराला ते त्रासदायक असतं, हे मान्य.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती लपवून उपयोग नाही. या प्रेमात कधी कधी वाईट राजकारण घुसतं. २०२४ च्या युरोत तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने गोलनंतर 'लांडग्याची' खूण केली. ती तिथल्या अतिउजव्या संघटनेची खूण आहे. युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने त्याला दोन सामन्यांची बंदी घातली, तर पुढच्या सामन्याला बर्लिनच्या स्टँडमध्ये कित्येकांनी तीच खूण केली. ६ ऑक्टोबर २००१ ला पॅरिसला फ्रान्स-अल्जीरिया सामन्यात फ्रान्सच्या राष्ट्रगीतावर अल्जीरियाच्या समर्थकांच्या शिट्ट्या पडल्या आणि प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे सामना अर्ध्यावर थांबवावा लागला. हे चूकच होतं. राष्ट्रगीताचा अपमान केला म्हणून त्या प्रेक्षकांना बोला. मोरोक्कोचा लाल-हिरवा स्कार्फ गळ्यात घालून घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने काय केलं?

राहिला शेवटचा मुद्दा, भारतीय माणूस असं करत नाही. हे वाचून मला हसू आलं नाही, वाईट वाटलं, कारण हाच आरोप आपल्या माणसांवर झाला आहे आणि आपण तो विसरलो. १९९० मध्ये ब्रिटनमधले राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी एका अमेरिकन वृत्तपत्राला सांगितलं की ब्रिटनमधले बरेच आशियाई लोक 'क्रिकेटच्या परीक्षेत' नापास होतात, कारण ते इंग्लंडऐवजी आपल्या जुन्या देशाच्या संघाला पाठिंबा देतात. आशियाई म्हणजे आपण. लेस्टरचे गुजराती, साउथॉलचे पंजाबी, लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपती बसवणारी आपली मंडळी. २००१ मध्ये इंग्लंडचा तेव्हाचा कर्णधार नासिर हुसेन, जो स्वतः मद्रासला जन्मला, त्यानेही अशीच नाराजी व्यक्त केली. काकांच्या मेसेजमधून 'मोरोक्कन' काढून 'भारतीय' घातलं तर तो टेबिट यांचाच मजकूर होतो. २३ ऑक्टोबर २०२२ ला मेलबर्नमध्ये भारत-पाकिस्तान सामन्याला ९०,२९३ माणसं होती. ती सगळी काही मुंबई-लाहोरहून विमानाने आलेली नव्हती. त्यातली बहुतेक ऑस्ट्रेलियात घर घेऊन, तिथलं कर्ज फेडत राहणारी होती. त्या रात्री विराट कोहलीचा व्हिडिओ आमच्याच ग्रुपवर सगळ्यांनी टाकला होता.

फुटबॉलचंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. जानेवारी २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशियाई चषक झाला. पहिल्या सामन्यात भारताने थायलंडला ४-१ हरवलं. १० जानेवारीला अबुधाबीत सामना होता यजमान अमिरातीशी. त्या सुमारास एक व्हिडिओ पसरला. पक्षी ठेवायच्या मोठ्या पिंजऱ्यात काही आशियाई मजूर कोंडलेले. समोर हातात काठी घेऊन एक स्थानिक माणूस बसलेला. तो विचारतो, कोणाला पाठिंबा? ते म्हणतात, भारताला. तो म्हणतो, हे बरोबर नाही, तुम्ही अमिरातीत राहता, तुम्ही अमिरातीला पाठिंबा द्यायला हवा. मग ते अमिरातीचं नाव घेतात आणि तो त्यांना बाहेर सोडतो. 'ज्याची खावी पोळी' ही म्हण त्या माणसाला माहीत नसेल, पण त्याचा युक्तिवाद शब्दशः तोच होता. नंतर तो म्हणाला की ती गंमत होती, ते माझेच कामगार आहेत. तिथल्या सरकारी वकिलांनी ती गंमत मानली नाही, त्याला अटक करायला लावली.

आखातात कामाला गेलेल्यांत केरळची माणसं खूप आहेत, आणि रत्नागिरी-रायगडची, गोव्याची घरंही त्यात आहेत. आमच्या आईच्या माहेरी प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी दुबई नाहीतर दोहाला आहे. आयुष्यभर तिथे राबूनही त्यांना तिथलं नागरिकत्व सहसा मिळत नाही. अबुधाबीच्या त्या सामन्यात भारत ०-२ हरला, तरी स्टँडमध्ये निळे शर्ट मोठ्या संख्येने होते. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल झाला नाही, तरी सुट्टी टाकून, बसेस करून आपली माणसं प्रत्येक सामन्याला गेली. काका, मेसेज खरा असेल तर ही माणसं बेईमान ठरतात. ग्रुपवर ज्यांनी त्याला अंगठा दिला आहे त्यांनी आपल्या घरातल्या दोहाच्या माणसाचं नाव घेऊन तसं लिहावं, नाहीतर मेसेज काढून टाकावा.