‘गाडी ओढते? अलाइनमेंट करा’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी इंदूरच्या राजेंद्र नगरच्या आमच्या ग्रुपवर, मग साडूभाऊंकडून, आणि शेवटी ज्याच्या गाडीपायी मी दोन महिने डोकं खपवलं त्या भाच्याकडूनच. मजकूर थोडक्यात असा: गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा स्टीअरिंग थरथरत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा, सगळं ठीक होतं. स्टीअरिंग जड झालं तर स्टीअरिंग ऑइल टाका. टायरमध्ये ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवा, तीही नायट्रोजन. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे पुढे लावा. स्पोर्टी गाडीत खडखड होणारच, लक्ष देऊ नका. आणि शेवटी आपल्या भागाचा अभिमान: पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी ट्रॅकवर गाड्या ताशी २५० किलोमीटरच्या वेगात स्टीअरिंग न धरता वळतात, तेव्हा तुमची गाडी बायपासवर हात सोडून सरळ जात नसेल तर तिच्यात खोट आहे.

यातलं अर्धं चूक आहे आणि उरलेलं अर्धवट आहे. अर्धवटाचाच त्रास जास्त.

भाच्याकडे एक सेकंडहँड टर्बो हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. गाडी डावीकडे ओढायची. पठ्ठ्याने दोन महिन्यांत तीन ठिकाणी अलाइनमेंट करून घेतलं. दर वेळी हातात रंगीत कागद, सगळे आकडे हिरवे, आणि घरी येईपर्यंत गाडी पुन्हा डावीकडे. मग आम्ही देवास नाक्याकडच्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, कागद पाहिला नाही. एवढंच विचारलं, ‘‘भिया, पैले ये बताओ, खींचती कब है?’’

केव्हा ओढते? भाच्याला सांगता येईना. चालवून पाहिल्यावर कळलं की फक्त ब्रेक दाबल्यावर. गाडी रॅम्पवर चढवून उस्तादांनी डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशापाशी, म्हणजे रबरी जोडापाशी, लोखंडी पट्टी घालून रेटा दिला, तर आर्म बोटभर मागे सरकला. बुशाचं रबर आतून फाटलं होतं. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते, तिथे ब्रेकचा जोर नाही, म्हणून आकडे हिरवे. रस्त्यावर ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं, फाटलेलं रबर वाट देतं, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी डावीकडे. बुश बदलल्यावर चौथ्यांदा अलाइनमेंट केलं. खरी गरज होती ती त्याच वेळी. ढिल्या पार्ट्सवर आकडे जुळवायचे म्हणजे डुगडुगत्या टेबलावर तराजू ठेवून सोनं तोलायचं. आमच्या सराफ्यात असं कुणी करून दाखवावं.

तेव्हा पहिला मुद्दा, ‘ओढते म्हणजे अलाइनमेंट’. अलाइनमेंटमध्ये तीन कोन मोजतात: टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत), कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर चाक वळण्याचा आस किती मागे-पुढे कललाय). आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम प्रकारचं साधं सस्पेंशन असतं, आणि त्यांच्यात नेहमीच्या दुकानात नट फिरवून बदलता येतो तो बहुधा फक्त पुढचा टो. गंमत अशी की टो चुकला तर टायर आतून किंवा बाहेरून झिजतो, गाडी सैरभैर चालते, स्टीअरिंग वाकडं राहतं, पण एका बाजूची ठाम ओढ सहसा टोमुळे येत नाही. ओढ येते दोन बाजूंच्या कॅम्बर-कॅस्टरमधल्या फरकाने, आणि तो फरक बहुधा काहीतरी वाकल्याने किंवा फाटल्याने पडलेला असतो. मशीन तो दाखवतं, सुधारत नाही.

ओढ कायम असेल तर आधी टायरवर संशय घ्या. रेडियल टायरच्या आतल्या पट्ट्यात किंचित तिरकेपणा राहिला तर तो टायर शंकूसारखा एका बाजूला वळू पाहतो. पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उलट्या बाजूला गेली तर गुन्हेगार टायर. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी करू नका, त्याच बाजूची पुढची-मागची बदलून बघा. याला जॅक, पाना आणि अर्धा तास लागतो. दुसरा संशयित म्हणजे चिकटलेला ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. फारसा ब्रेक न लावता दहा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एखादं चाक भट्टीसारखं तापलं असेल तर अलाइनमेंटवाला काय करणार?

स्पोर्टी गाड्यांची म्हणून एक वेगळीच ओढ असते. आय२० एन लाइनला १७२ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), पोलो जीटी टीएसआयला १७५, अबार्थ पुंटोला तर २१२. हा सगळा जोर पुढच्याच दोन चाकांवर, आणि वळायचंही त्याच चाकांनी. इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका बाजूला, म्हणून तिथून चाकांकडे जाणाऱ्या दोन अ‍ॅक्सलची लांबी आणि कोन सारखे राहत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्टीअरिंग हातातून निसटू बघतं, पाय काढला की शांत. याला टॉर्क स्टीअर म्हणतात. थोडा असणं हा त्या गाडीचा स्वभाव आहे. पण पूर्वी नव्हता आणि आता वाढलाय, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनचे रबरी आधार, बघा. एका बाजूचं माउंटिंग बसलं की इंजिन कलतं आणि अ‍ॅक्सलचे कोन आणखी बिघडतात.

दुसरा मुद्दा थरथरीचा. अलाइनमेंटने थरथर जात नाही, कारण ती अलाइनमेंटमुळे येतच नाही. इथेही उस्तादांचाच प्रश्न: केव्हा? ताशी ८० ते १०० च्या मध्ये येते आणि त्यापुढे कमी होते, तर पुढच्या चाकांचं बिघडलेलं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसणं, किंवा वाकलेली रिम. आपल्या पावसाळ्यात याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे अलॉयच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल. पाण्याचा जोरदार फवारा मारा, कदाचित तेवढ्यानेच भागेल. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलतं, तर ब्रेक डिस्क सारखी जाड राहिलेली नाही. वेग वाढवताना गाडीचं अंग हलतं आणि पाय काढला की थांबतं, तर अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट. रिमबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण १९५/५५ आर१६ सारख्या टायरची भिंत बुटकी असते. खड्डा थेट रिमला लागतो आणि ती बहुतेक वेळा आतल्या कडेला वाकते, बाहेरून चकचकीतच दिसते. बॅलन्सिंगवाल्याला चाक फिरवून आतली कड दाखवायला सांगा. तो कंटाळला तरी सांगा.

‘स्टीअरिंग ऑइल टाका.’ भाच्याने बॉनेट उघडून ऑइलची बाटली शोधली. सापडेना, तेव्हा मला फोन. अरे, इलेक्ट्रिक स्टीअरिंगला बाटली असेल कुठून? आजच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅकमध्ये मोटार मदत करते, त्यात तेल नसतंच. जड झालं तर आधी हवा बघा, मग बॅटरी. व्होल्टेज पडलं की गाडी स्टीअरिंगची मदत कमी करते किंवा बंद करते, आणि पिवळा दिवा लागतो. त्यानंतर स्कॅनर लावून कोड वाचायचा. वळल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नसेल, जिथे सोडलं तिथेच रेंगाळत असेल, तर शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग आवळलेलं असू शकतं. गाडी उभी ठेवा, एकाला स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगवर हलका हात ठेवा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये न घालता. स्प्रिंग सुळकन न फिरता झटका देऊन उडाली तर तेच. यापुढे प्रकरण स्टीअरिंगच्या रॅकपर्यंत, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या दांड्यापर्यंत, जाऊ शकतं, पण ‘पूर्ण रॅक बदलावा लागेल’ हे पहिल्याच दिवशी ऐकू आलं तर दुसरा मेकॅनिक शोधा.

खडखडीबद्दल एवढंच: कडक सस्पेंशन धक्का देतं, आवाज करत नाही. स्पीडब्रेकरवर टक्-टक् झालं तर सस्पेंशनचा लिंक रॉड. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना टकटकटक झालं तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. चाक जॅकवर घेऊन डावी-उजवी कड धरून हलवा: ढिलाई असेल तर चाक वळवणारा टाय रॉड. वर-खाली धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवा, ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग. हे सगळं सुट्टीच्या सकाळी घरी होतं.

४० हवेचा आकडा कुठून आला कोण जाणे. बहुधा टायरवरचा कमाल दाबाचा आकडा वाचून कुणीतरी शोध लावला असेल. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. तापमान दहा अंश सेल्सिअसने चढलं की साधारण दीड पीएसआय वाढते, म्हणजे जानेवारीच्या सकाळी भरलेली हवा मे महिन्यात चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल. जास्त हवेने टायर मधोमध टेकतो, मधेच झिजतो आणि खडबडीत रस्त्यावर गाडी उड्या मारते. नायट्रोजन हवा तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

आता नवे टायर पुढे लावायचा सल्ला, आणि इथे मला खरंच राग येतो. पुढे इंजिन, पुढेच जोर, पुढचेच टायर लवकर झिजतात, म्हणून नवे पुढे, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण पावसात मानपूरच्या घाटात उतरताना वळणावर झिजलेले मागचे टायर पाण्यावर तरंगले की गाडीचं ढुंगण बाहेर पडतं आणि ती स्वतःभोवती फिरते. पुढचे सुटले तर गाडी सरळ जाऊ बघते, पाय काढला, वेग उतरला की बहुतेकदा पुन्हा पकड येते. मागचे सुटल्यावर सावरायला लागणारं कसब तुमच्या-माझ्यात नाही. टायर कंपन्याही नवे दोन मागेच लावायला सांगतात. पुढचे झिजले असतील तर मागचे चांगले पुढे आणा आणि नवे मागे.

राहिलं नॅट्रॅक्स. २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा तो ट्रॅक आहेच भारी. पण त्याची वळणं आतल्या बाजूला उतरती बांधलेली आहेत, अशी की २५० च्या वेगाला तो उतारच गाडीला वळवतो आणि बाजूला ढकलणारा जोर उरत नाही. न्यूट्रल स्पीड म्हणतात ते हे. श्रेय उताराचं. आपल्या रस्त्यांनाही उतार असतो, पण पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून हात सैल सोडला की चांगली गाडीही हळूहळू डावीकडे सरकते.

बुश बदलल्यानंतर महिन्याभराने भाचा पुन्हा आला. ‘‘मामा, अजून जराशी डावीकडे जाते. परत अलाइनमेंट?’’ पहाटे खंडवा रोडच्या बाजूला, दुभाजक नसलेल्या एका मोकळ्या रस्त्यावर गेलो. समोरून कुणी येत नाही ना हे मी बघत राहिलो आणि त्याला शंभर मीटर गाडी बरोबर मधोमध चालवायला सांगितली. स्टीअरिंगवर बोटं नुसती टेकलेली. गाडी सुतासारखी सरळ. डाव्या कडेला आलो, पुन्हा डावीकडे.

‘‘मग आता काय करायचं?’’

‘‘काही नाही. हवा बघू.’’

डिकीतून गेज काढून लावला. ३९ होती.