पाल्याला ‘असल्या’ विषयांपासून वाचवण्याचे खात्रीशीर उपाय

तुमचं मूल आठवीत आहे, घर ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत पामबीचच्या आसपास आहे, आणि ‘वाढतं वय आणि लिंगभाव’ या विषयावर समुपदेशक बाई एक तास घेणार अशी शाळेची सूचना आली आहे? घाबरू नका. गेल्याच आठवड्यात आमच्या शाळेतल्या पालकांनी हे संकट परतवून लावलं. तास रद्द झाला आणि त्याऐवजी मुलांना हस्ताक्षर सुधारणेची कार्यशाळा मिळाली. अनुभव ताजा आहे तोवर चार गोष्टी सांगून ठेवते.

सर्वांत आधी, सूचना पूर्ण वाचू नका. दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं की पालकांनाही तासाला बसता येईल आणि हरकत असेल त्यांनी पाल्याला पाठवू नये. हे वाचलं की रागातली हवाच जाते. पहिल्या पानावर ‘ट्रान्सजेंडर’ दिसेल, त्याभोवती लाल गोल काढा, फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘हे काय चाललंय???’ तीन प्रश्नचिन्हं हवीतच. बाकीचं काम ग्रुप करतो.

मग अमेरिका आणा. त्यासाठी एक फॉरवर्ड तयार आहे. तिकडे म्हणे काही मुलं स्वतःला मांजर समजतात, म्हणून शाळांनी त्यांच्यासाठी स्वच्छतागृहात मातीचे ट्रे ठेवलेत. ही अफवा तिथे २०२२ च्या निवडणुकीच्या धामधुमीत जोरात फिरली. राजकारण्यांनी भाषणांत वापरली, पत्रकारांनी शाळाशाळांत विचारलं, मांजर झालेल्या पोरांसाठी ठेवलेला ट्रे काही कुणाला सापडला नाही. पण कासारवडवलीला ती अजून गरमागरम आहे. आमच्या पालकसभेत तिच्यावर भरपूर वेळ गेला. (मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कित्येक महिने तुटलेली आहे. तो विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला.)

अभ्यास करून आलेला एखादा पालक असला तर उत्तम. त्याने एनसीईआरटीचं, म्हणजे शाळेची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, २०२१ चं प्रकरण काढावं. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसं घ्यायचं, यावर त्यांनी एक पुस्तिका संकेतस्थळावर टाकली होती. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाकडे तक्रार गेली, आयोगाने पत्र धाडलं आणि थोड्याच दिवसांत पुस्तिका गायब झाली. ती शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी होती, मुलांच्या दप्तरात जाणार नव्हती, हे सांगत बसू नये. एवढंच म्हणावं, ‘सरकारनेच काढून टाकलं ना?’ शक्यतो उभं राहून.

कुणी कायद्याचं नाव काढलं की चहा मागवा.

‘हे विषय घरीच शिकवायचे असतात’ हे वाक्य मात्र पाठच करा. घरी नेमकं काय शिकवता, असं बाईंनी विचारलं तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांना एकदम फोन आले. खरं तर घाबरायचं कारण नव्हतं, अभ्यासक्रम आहे की आपला. तीन हात नाक्याला सिग्नल लागतो. साडी नेसलेली कुणी टाळी वाजवत गाडीपाशी येते. बाबा काच वर करतात, आई म्हणते ‘तिकडे बघू नकोस’. मागच्या सीटवरचं मूल दोन्ही गोष्टी नीट शिकतं. पुढे घरात बारसं असलं की त्याच व्यक्तीला नारळ, तांदूळ आणि अकराशे रुपये दिले जातात, बाळ तिच्या मांडीवर ठेवतात, कारण आशीर्वाद फळतो म्हणे. हा प्रात्यक्षिकाचा भाग. मुलाने विचारलं की ते कोण असतात, तर सांगायचं, ‘मोठा झालास की कळेल.’ मोठे झालेले सगळे त्या सभेत बसले होते. कुणाला काही कळलेलं दिसलं नाही.

आता संस्कृती. ‘आपल्यात असलं नव्हतं’ असं ठणकावून सांगा. बृहन्नडा होऊन वर्षभर विराटाच्या मुलीला नृत्य शिकवणारा अर्जुन तेवढा आठवू नका. मत्स्यदेशात पालकसभा नव्हती म्हणून त्याची नोकरी टिकली. र. धों. कर्व्यांचं लैंगिक शिक्षणावरचं मासिक ‘समाजस्वास्थ्य’ही नको. ते १९२७ साली, इथेच, मराठीत निघालं. अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. दर १४ एप्रिलला आपण ग्रुपवर अभिवादन टाकतो, त्यात हा तपशील बसत नाही. त्यापेक्षा २००७ आठवा. लैंगिक शिक्षण नको म्हणून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने ते बंदच केलं. आमदारांना जमलं, तर आपल्याला एक तास बंद पाडायला काय होतंय?

प्रजननाच्या धड्याला ‘घरी वाचून या’ म्हणणाऱ्या सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा.

आणि शेवटचं हुकमी पान: मुलं निरागस आहेत, त्यांना यातलं काही माहीतच नसतं. हो तर. माझ्या लेकीच्या वर्गात एक मुलगा आहे. बारीक आवाजाचा, चित्रं सुरेख काढतो, कबड्डीत त्याला कुणी घेत नाही. तो स्वतःला कोण समजतो मला ठाऊक नाही. कदाचित अजून काहीच नाही, तेरा वर्षांचं पोर आहे ते. पण वर्गातल्या निरागसांनी त्याचा निकाल कधीच लावलाय. तो आत आला की मागच्या बाकांवरून टाळ्या वाजतात. तशाच, हात आडवे धरून. कुठे शिकले? मगाशी सांगितला तो अभ्यासक्रम. मधल्या सुट्टीत तो स्वच्छतागृहात जात नाही, कारण तिथे त्याची चड्डी ओढून ‘तपासणी’ होते. म्हणून तो सकाळपासून पाणी पीत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात, ठाण्यात, दुपारपर्यंत पाणी नाही! वर्गशिक्षिकेला हे माहीत आहे, मुख्याध्यापकांना माहीत आहे. त्यासाठीच तर तो तास ठेवला होता. आणि ज्या साहेबांनी सभेत सगळ्यांत वरच्या पट्टीत ‘आमच्या मुलांच्या कोवळ्या मनावर काय परिणाम होईल’ असं विचारलं, त्यांचेच चिरंजीव टाळ्या वाजवणाऱ्यांचे पुढारी आहेत. अहो साहेब, परिणाम झालाय. तुमच्या घरात, तुमच्या गाडीत झालाय. समुपदेशक बाईंनी अजून तोंडही उघडलेलं नाही.

माफ करा, आपण उपाय बघत होतो. तर, त्या मुलाच्या आईने हात वर केला तर तिच्याकडे लक्ष देऊ नका. आमच्याकडे कुणी दिलं नाही.

जाऊ द्या, नाही जमत मला हे उपाय सांगणं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि लोक तासन्‌तास रुळांवर बसले. हा आपलाच जिल्हा. तेव्हा याच ग्रुपवर काळे डीपी लागले होते. शाळेने मुलांशी शरीराबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे, समुपदेशक नेमलाच पाहिजे, अशा मागण्या तुम्हीच केल्या होत्या. मग शाळेने बाई नेमल्या, त्या बोलायला लागल्या, तर तुम्हाला त्या परक्या संस्कृतीच्या दलाल वाटल्या? आपल्या शरीरावरून चिडवणं, हात लावणं, कपडे ओढणं हे कुणालाही सांगता यायला हवं, हे बदलापूरनंतर पटलं होतं ना? का ते फक्त आपल्या पोरांपुरतं होतं?

तो एक तास म्हणजे शाळेची मेहेरबानीही नव्हती. ट्रान्सजेंडर व्यक्तींना तृतीय लिंग म्हणून मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल एप्रिल २०१४ चा आहे, आणि ठाण्याच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं म्हणणं त्या निकालपत्रात नावानिशी आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभाव न करता सर्वांबरोबर शिकू आणि खेळू द्यायचं. २०११ च्या जनगणनेत ज्यांचं लिंग ‘इतर’ म्हणून नोंदलं गेलं त्यांच्यातली साक्षरता होती ५६ टक्के. देशाची ७० च्या वर होती. उरलेली कुठे गळाली असतील? अशाच शाळांतून, अशाच मधल्या सुट्ट्यांतून. मुख्याध्यापकांना कायदा माहीत आहे, मी त्यांना भेटून आले. ते म्हणाले, ‘मॅडम, जरा वातावरण निवळू दे.’ वातावरण कुणी गढूळ केलं, हे ते विचारणार नाहीत, कारण गढूळ करणारे फी भरतात.

फीवरून आठवलं. या राज्यात पालक-शिक्षक संघाला कायद्याने एक ठोस काम दिलंय. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शाळेने प्रस्तावित फी संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची आणि समितीने ती तपासायची. पुढच्या वर्षीची वाढ त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर होती. समितीने मंजूर केलीय, एवढं सांगितलं गेलं. किती, का, कशासाठी, कुणी विचारलं नाही. सगळे समोशांच्या बशीकडे बघत होते. तिथे मूग गिळून बसलात आणि एका पोराला मधल्या सुट्टीत निर्धास्त लघवीला जाता यावं म्हणून ठेवलेला तास मात्र गर्जना करून बंद पाडलात. लाज वाटू द्या थोडी.