कॅनडाला जाणाऱ्या भावी इंजिनिअरास खान्देशी सल्ला

मुलाने दहावीला गणितात ऐंशीच्या वर मार्क काढले की आपल्याकडे दोन गोष्टी पक्क्या होतात. तो इंजिनिअर होणार आणि तो कॅनडाला जाणार. मधल्या तपशिलासाठी रावेरची केळी आहेत, ती विकून फी भरता येते. तुमच्या घरी असा उमेदवार असेल तर पुढचा सल्ला मनावर घ्या, फुकट आहे.

कॉलेज निवडताना फ्लेक्स बघा. हमरस्त्यावर ज्याचा फ्लेक्स सगळ्यात उंच, ते कॉलेज उत्तम. प्रवेशाच्या खिडकीवर 'एनबीए', म्हणजे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारी आपली राष्ट्रीय संस्था, हा शब्द काढू नका, आणि 'टिअर वन की टिअर टू?' हे तर मुळीच विचारू नका. पलीकडचा माणूस रेल्वेच्या डब्याबद्दल बोलायला लागेल. भुसावळ जवळ आहे, त्याचाही दोष नाही.

भानगड अशी आहे. १९८९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड इथल्या मूल्यांकन संस्थांनी वॉशिंग्टन करार केला. तुम्ही तपासलेला अभ्यासक्रम आम्ही मानू, आमचा तुम्ही माना. भारत १३ जून २०१४ रोजी एनबीएमार्फत त्याचा कायम सदस्य झाला. आपली डिग्री जगभर चालणार म्हणून सगळे खूश. आता बारीक टाइप वाचा, म्हणजे वाचू नका: करारात धरले जातात ते टिअर वनचे अभ्यासक्रम, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. विद्यापीठाला नुसत्या संलग्न असलेल्या कॉलेजाला एनबीएचं प्रमाणपत्र मिळतं, फ्रेम करून प्राचार्यांच्या खुर्चीमागे लावताही येतं, पण ते वॉशिंग्टनपर्यंत पोचत नाही. शिवाय मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, तीही ठरावीक वर्षांपुरती. म्हणजे एकाच कॉलेजातला कॉम्प्युटरवाला चुलतभाऊ करारात आणि तुमचा सिव्हिलवाला कराराबाहेर, असं होऊ शकतं. आखाजीला दोघे एकाच झोक्यावर बसले तरी फरक पडत नाही.

एनबीएची समिती तपासणीला येईल तेव्हा मुलाला आवर्जून स्वयंसेवक व्हायला सांगा. चार वर्षांतलं तेच खरं प्रॅक्टिकल. हायड्रॉलिक्स लॅबमधल्या कोरड्या पडलेल्या चॅनेलमध्ये त्या आठवड्यात पाणी सोडतात. प्रत्येक यंत्रावर नावाचं स्टिकर लागतं, काहींना स्वतःचं नाव तेव्हाच कळत असावं. वर्षभराचं लॉगबुक एका रात्रीत भरताना निळ्या शाईचे तीन वेगवेगळे पेन वापरायचे आणि मधेच एखादं पान चहाच्या कपाने ओलं करायचं. इतकं बारीक नियोजन मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या कुठल्याच कामात पाहिलेलं नाही.

हे सगळं जमलं तरी गाफील राहू नका. करार मानतो ते शिक्षण, काम करायचा परवाना नव्हे. अमेरिकेत परवाना राज्यागणिक, कॅनडात प्रांतागणिक. ओंटारिओत २०२३ पर्यंत परवान्यासाठी कॅनडातला वर्षभराचा अनुभव लागायचा. तो मिळवायला तिथे इंजिनिअरची नोकरी लागायची, आणि नोकरी देणारा आधी परवान्याचं विचारायचा. आता ती अट गेली. जाण्यात काय मजा राहिली, सांगा!

कॅनडा नको, आखात जवळ, असं वाटत असेल तर कुवेतची गोष्ट ऐका. २०१८ मध्ये तिथे भारतीय इंजिनिअरांचा निवास परवाना वाढवायला तिथल्या इंजिनिअरांच्या संघटनेची ना-हरकत लागू लागली, आणि संघटना बघायची एनबीएची यादी. एनबीए जन्मली १९९४ साली. त्याआधी पास होऊन पंचवीस वर्षं तिकडे काम केलेल्या माणसाने आपलं कॉलेज यादीत कुठे शोधायचं? विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्यात शिकून बाहेर पडले, नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या धुळ्याकडे आले आणि पांझरेच्या भागात पाइपचा सायफन घालून गेले. कुवेतच्या खिडकीवर त्यांनाही विचारलं असतं, टिअर कोणती?

कागदपत्रांचं मात्र मनापासून सांगतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, डिग्रीवर आईचंही नाव, आणि आडनाव पाटील. हे तिघेही एकच इसम आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. वडीलही इंजिनिअर असतील तर त्यांची डिग्री पुणे विद्यापीठाची, कारण आपलं विद्यापीठ निघालं १९९० मध्ये. थोरल्याच्या डिग्रीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', २०१८ नंतरच्या धाकट्याच्या डिग्रीवर त्याच्या आधी कवयित्री बहिणाबाई चौधरी. बहिणाबाईंच्या नावाचं आम्हाला कौतुकच आहे, पण परदेशातल्या बाबूला ही दोन विद्यापीठं वाटतात. ट्रान्सक्रिप्टचं पाकीट विद्यापीठाने चिकटवून, जोडावर सही-शिक्का मारून दिलेलं असतं. ते उघडू नका. तुमचेच मार्क तुम्ही पाहिले की ते बाद होतात.

इथे कोणी हुशार वाचक विचारेल, आपल्याकडे परवाना कोण देतं? औषधाच्या दुकानात बसायला १९४८ चा कायदा आहे, वकिलीला १९६१ चा, आर्किटेक्टला १९७२ चा. पूल बांधणाऱ्याला देशभर लागू होईल असा परवाना कायद्याने लागतच नाही. नगरपालिकेपुरती नोंदणी असते, तेवढी पुरे. डिग्री मिळाली की गाव 'साहेब' म्हणतं. ती मान्यता कुठल्याही करारापेक्षा लवकर येते आणि तिची मुदत संपत नाही.

तरी हौसच असेल तर आणखी एक वाट आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची संस्था आंतरराष्ट्रीय व्यावसायिक इंजिनिअरांची नोंदवही ठेवते. त्यासाठी पदवीनंतर सात वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान दोन वर्षं महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतलेली असावी लागते. घाबरू नका, सोय आपल्याकडे आहे. तालुक्याच्या गावी नकाशांवर सही द्यायला लागा. साइटवर जायची गरज नाही, नकाशे घरी येतात, सोबत पाकीटही. दोन वर्षांत निम्म्या कॉलनीची जबाबदारी तुमच्या डोक्यावर असेल, आणि ती तिथे आहे हे तुम्हाला जाणवणारही नाही.

फक्त मुलाखतीत कोणी विचारलं की अमुक इमारतीच्या पायाची खोली कुठल्या हिशेबाने ठरवली, तर गवंड्याचा नंबर हाताशी असू द्या. टोरंटोत दुपार होते तेव्हा इकडे रात्र झालेली असते आणि तो नऊलाच झोपतो, म्हणून मुलाखत सकाळची मागा.