आबाजीले काय शिकवता, ॲपले शिकवा

"ज्येष्ठांना मोबाइल शिकवला पाहिजे" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. शिबिरं होतात, चहा-पोहे होतात, फोटो निघतात. माझं म्हणणं उलटं आहे. शिकायचं राहिलं आहे ते ॲप बनवणाऱ्यांचं.

दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. लोक अजूनही सेतूच म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या खिशात स्वतःचा स्मार्टफोन असतो. नातवाशी व्हिडिओ कॉल करतात, यूट्यूबवर कीर्तन लावतात, बोंडअळीवरचे व्हिडिओ शोधून काढतात. अर्ज भरायचा म्हटला की मात्र फोन माझ्यापुढे सरकवतात, "बाई, तूच कर." कीर्तन सापडतं आणि अर्ज सापडत नाही, तर खोट कुठे आहे?

परवा एक आबाजी आले. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. पोरानं फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली होती. शहाण्यासारखंच केलं. पण अक्षरं मोठी झाल्यावर अर्जाच्या ॲपमधलं 'पुढे'चं बटण स्क्रीनच्या खाली गेलं, आणि पान काही वर सरकेना. आबाजी बोट घासत बसले. "बटनच नाही बाई याच्यात, दाबू काय?" खरंच नव्हतं. मी अक्षरं लहान केली. बटण आलं, आबाजींना दिसेनासं झालं.

अक्षरं दुप्पट मोठी केली तरी मजकूर आणि बटणं शाबूत राहिली पाहिजेत, हे डब्ल्यूसीएजी नावाच्या, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत 2008 पासून लिहिलेलं आहे. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका फरक हवा, हेही तिथेच आहे. पांढऱ्यावर फिकट करडं लिहिणाऱ्यांनी एकदा भर दुपारी वावरात उभं राहून आपलंच ॲप वाचून दाखवावं. धडधाकट पोट्ट्यांनाही ते तिथे दिसत नाही.

ओटीपीचं तर विचारूच नका. नंबर असतो चाकणला कंपनीत गेलेल्या पोराचा, तो शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. त्याचा उलटा फोन येईपर्यंत मुदत संपते आणि भरलेला अख्खा अर्ज पुसला जातो. पुन्हा नावापासून सुरुवात.

गावात बी.ए. झालेला एक दृष्टिहीन मुलगा आहे. फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर चालवतो, आवाजाची गती इतकी वाढवलेली की मला एक शब्द कळत नाही. बँकेचे मेसेज, पेपर, क्रिकेटचा स्कोअर, सगळं स्वतः करतो. अडतो कुठे? बटणांना आतून नावच दिलेलं नसतं, म्हणून फोन नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत जातो. ग्रामपंचायतीची नोटीस ग्रुपवर फोटो काढून टाकतात. खाली दोन ओळी टाइप केल्या असत्या तर फोननं नीट वाचल्या असत्या. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तर वेगळीच गंमत. डोळ्यांना ती मराठी दिसते, आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोड, म्हणजे सगळ्या फोनना कळणारी अक्षरांची पद्धत, नसल्यामुळे फोन ती चिन्हंच वाचतो. एकदा म्हणाला, "ताई, हा जीआर मले शिव्या देऊन राह्यला का?"

कायदा नाही असंही नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. तरी ओळख पटवताना काय होतं ते पाहा. कापूस वेचून आणि निंदून रेषा झिजलेले मावश्यांचे अंगठे मशीन घेत नाही, मग कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात. ज्यांना मिचकवता येत नाहीत त्यांनी काय करायचं? ॲसिड हल्ला सोसलेल्या आणि दृष्टिहीन लोकांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला आणि केवायसीसाठी, म्हणजे ओळख पडताळणीसाठी, 20 निर्देश दिले गेले. निकाल दिल्लीत लागला, दारव्ह्यात पोचायचा आहे.

आणि जमतं की नाही म्हणाल, तर किराणा दुकानातला पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा पाहा. सत्तरीतला दुकानदार त्याच्या भरवशावर निवांत गल्ला सांभाळतो. त्याला कुणी शिबिरात बसवलं होतं?

ॲपं सुधारली तर माझं गिऱ्हाईक तुटेल, हे मला कळतं. तुटू द्या. कारण आज मला लोकांचं नको ते सगळं माहीत होतं. कुणाच्या खात्यात किती, कुणाला कसला आजार, कुणाचं दिव्यांगत्व किती टक्के. एक आजी खात्यातला आकडा सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानात विचारते, "किती हाय वं?" स्वतःचा शिल्लक आकडा स्वतः, कुणाला न विचारता पाहता येणं एवढंच तिला हवं आहे.

नवं ॲप लोकांसाठी खुलं करण्याआधी ते एखाद्या आठवडी बाजारात आणा. पिंपळाखाली बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या आणि आमच्या त्या बी.ए. पोराच्या हातात द्या, आणि तुम्ही गप्प राहून नुसतं बघा. त्यांना वेळेचे पैसेही द्या, फुकट राबवू नका.

तोवर, कुणाच्या घरी नजर अधू असलेलं माणूस असेल तर फोन घेऊन केंद्रावर या. टॉकबॅक, मोठी अक्षरं, जे लागेल ते चालू करून देते. याचे पैसे घेत नाही. सोमवारी गर्दी असते, तो वार सोडून या.