प्रतिक्रियेला उत्तर: मागं पडलेल्या पोरांचा तास

भाऊ, तिसरी ते पाचवीच्या पोरांना रोज एक तास इयत्तेप्रमाणे न बसवता, त्यांना जे येतं त्याप्रमाणे बसवावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की आईबापच पोरांना कापूस वेचायला नेतात, घरी अभ्यासाचं नाव नाही, मग मास्तर काय करणार? आणि यांच्यापायी हुशार पोरांनी का खोळंबावं?

वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडं पटावरची पोरं वर्गात दिसत नाहीत, हे खरंच आहे. पण त्याचं पुढं काय होतं ते पाहा. पाचवीतली एक मुलगी 403 मधून 168 वजा करते आणि उत्तर लिहिते 365. ती धांदरट नाही. एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात तिनं मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, अगदी नेमानं. शतक सुटं करून दशक, दशक सुटं करून एकक, हे शिकवलं तेव्हा ती पऱ्हाटीत कापूस वेचत होती. आता पुस्तक अपूर्णांकांवर गेलंय. ती फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, त्यामुळं वही नेटकी दिसते आणि कुणाला शंकाही येत नाही. तिला हवेत काड्यांचे दहादहाचे गठ्ठे, आणि शेजारी बसून "सोड वं तो गठ्ठा, मोज आता" म्हणणारं कुणीतरी.

हे दिवसभर वावरात राबून आलेल्या, शाळा न पाहिलेल्या आईनं करावं? मेळघाटात तर घरची भाषा कोरकू, तिचं कूळच मराठीहून वेगळं. घरी मिळत नाही ते शाळेच्या वेळेतच मिळायला हवं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 हेच सांगतं: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे.

आता हुशार पोरांचं. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची पारख अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. मागं पडलेली पोरं रोज सुमारे दोन तास वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणीकडं वेगळी बसायची. त्यांचे गुण वाढले, आणि वर्गात उरलेल्यांचं नुकसान झालं नाही. शिवाय मी म्हणतो त्या तासात हुशार पोरांचाही गट असतोच. मला काळजी वेगळीच वाटते: गट कायमचे झाले आणि एखाद्यावर 'ढ' असा शिक्का बसला, तर सगळंच फसलं. वजाबाकी जमली की पोरगी लगेच पुढच्या गटात गेली पाहिजे.

दोन शिक्षक, पाच वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरणं, हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. पण अशा शाळेत वर्ग तसेही एकत्रच बसतात, त्यामुळं वेगळी खोली लागत नाही. त्या तासात मास्तरांकडं कुणी कसली माहिती मागू नये, एवढंच लागतं.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आहात म्हणून सांगतो. वेचणी सुरू व्हायच्या आधीच्या सभेत हा तास ठरवून घ्या. वेचणीहून परतलेल्या पोराला त्या दिवशीच्या पानावर न बसवता आधी चार ओळी वाचायला लावायच्या, एक वजाबाकी करायला द्यायची, हेही ठरावात लिहून घ्या.