‘अर्धा किलोचे पैसे, पाव किलो मटण’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. रविवारी तुम्हाला तासाच्या वर थांबावं लागलं आणि भाकरी संपली म्हणून चपातीवर भागवावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी. आखाडातला शेवटचा रविवार, अख्खं कोल्हापूर मटणावर तुटून पडलेलं, पण ती सबब नाही. वाढणारं पोरगं तिरकं बोललं, तेही चुकलंच. त्याला समज दिलीय.

पण दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘अर्ध्या किलोचे पैसे घेतले, ताटात पाव किलोसुद्धा नव्हतं, नुसती हाडं. शेवटी खाटकाचाच काटा!’ हे वाचून रात्री झोप लागली नाही. भाकरीवरून बोला, ऐकून घेईन. काट्यावरून नाही ऐकवत.

आमच्याकडं पुढं दुकान, मागं खानावळ. गिऱ्हाईक समोर मटण तोडून घेतं, वजन बघतं, मगच ते पातेल्यात पडतं. तुमचंही तसंच झालं. मी मांडी ओंडक्यावर घेतली होती. तुम्हीच म्हणालात, ‘मांडी नको, चाप आणि नळी टाका, पोरांना नळी आवडते.’ मी म्हटलंही, साहेब, हाड जास्त येईल. तुम्ही हसून म्हणालात, येऊ दे. काट्यावर 510 आलं, वरचे 10 मी तसेच सोडले. आता नळीत हाड नाही येणार तर काय येणार?

शिवाय मटण शिजलं की आटतं. अर्धा किलो कच्चं टाकलं तर साडेतीनशेच्या आसपास हाताला लागतं, घरी कुणालाही विचारा. ते सुटलेलं पाणी आम्ही ओतून देत नाही, अळणीत, म्हणजे बिनमसाल्याच्या मटणाच्या सुपात जातं, त्याचाच पांढरा रस्सा होतो. तुमच्या टेबलावर पांढऱ्याच्या नऊ वाट्या गेल्या. बिलात एकीचेही पैसे नाहीत. (आम्ही वाट्या मोजत नाही, पोरानं नंतर सांगितलं.)

काट्याला दरवर्षी वैधमापनचा, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असतो, दाखला गल्ल्यामागं आजोबांच्या फोटोशेजारी लावलाय. 2019 ला मटणाच्या दरावरून इथं केवढं रान उठलं. दरावरून लोक आमच्याशीही भांडले, पण वजनावर कुणी बोट ठेवलं नाही. काल मात्र एक रोजचे गिऱ्हाईक तुमचं लिहिलेलं वाचून आले आणि म्हणाले, ‘आज नीट जोख रे.’ ते गमतीत म्हणाले. मला काही हसू आलं नाही.

‘वजन कच्च्या मटणाचं’ अशी पाटी लावतोय. भाकरीला आणखी एक बाई बघतोय, बाकी गर्दीचंही बघतो काहीतरी. श्रावण पाळत असाल तर तो सुटल्यावर या, तासभर आधी फोन करा. आणि या वेळी मांडीचं घ्या.