गुडघ्याची तारीख

ऑपरेशनला लागणारा धीर आधीपासून साठवून ठेवता येत नाही. तो ठरलेल्या दिवसापुरताच गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी नासतो. रक्ताच्या रिपोर्टांचंही तसंच. ते शिळे झाले की पुन्हा सुई. फरक एवढाच की रक्त एकट्या बाबांच्या दंडातून काढतात, धीर मात्र घरातल्या प्रत्येकाला काढावा लागतो.

बाबांना गुडघा बदलायला तयार करण्यात आमची काही वर्षं गेली. ते एकदाचे 'हो' म्हणाले, तेव्हा आम्हाला वाटलं की आता फक्त डॉक्टरांचंच काम उरलंय. पण बाबांची हरकत संपली आणि त्यांच्या बाकीच्या अवयवांच्या सुरू झाल्या.

आधी नडली साखर. तपासणीच्या अगोदर बाबांनी काही दिवस असं कडक पथ्य पाळलं की आईलाच काळजी वाटायला लागली. पण एचबीएवनसी ही तपासणी पक्की चहाडखोर. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात किती साखर होती त्याची खूण अंगावर वागवत फिरतात. गेल्या दोन-तीन महिन्यांत बाबांनी चोरून जे जे केलं, ते सगळं एका आकड्यात छापून आलं. साखर जास्त असली की जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाची भीती वाढते. म्हणून तारीख पुढे गेली. आईला वर्षानुवर्षं हवा असलेला पुरावा हातात आल्यामुळे त्या दिवशी घरात दुःखी असे बाबाच होते.

पुढच्या तारखेला मात्र सगळं जमून आलं होतं. साखर ताब्यात, माझी रजा मंजूर, आत्या मुक्कामाला. बाबा रात्रीपासून उपाशी. खरं तर जेवण सहा तास आणि नुसतं पाणी दोन तास आधी बंद केलं तरी चालतं, पण आईने हिशेब आणखी पुढे नेऊन त्यांच्यासमोर जेवणाचा विषय काढायलाही बंदी केली होती. पाठीमागे नाडीने बांधायचा तो झगा घालून बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. चुकून दुसरा पाय उघडू नये म्हणून उजव्या पायावर पेनाने ठसठशीत बाण काढलेला. इतक्यात भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आल्या. लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला.

"काका, खोकला कधीपासून आहे?"

"खोकला कुठला? घसा साफ केला."

"परवापासून आहे," मागून आई म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी आईकडे असं पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाल्या, "छाती वाजतेय. आज नको."

मी लगेच वकिली सुरू केली. गुडघ्यासाठी कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात हे मी वाचून आलो होतो. मग छातीचा संबंध काय? बाईंनी शांतपणे सांगितलं की ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, आणि छातीत असं काही असलं की श्वासनलिका चिडकी होते, खोकला गेल्यावरही काही आठवडे तशीच राहते. शिवाय हाड करवतीने कापायचं असतं, तेव्हा पेशंटने खोकून चालत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर माझी वकिली संपली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "मग आता जेवता येईल ना?"

घरी येईपर्यंत फॅमिली ग्रुपवर मामांचा मेसेज पडला होता : 'ऑपरेशन यशस्वी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मामा सकाळीच मेसेज लिहून ठेवतात आणि अंदाजाने सोडतात. त्यानंतर दिवसभर मी लोकांना सांगत होतो की झालेलं नाही, आणि लोक मला धीर देत होते की होईल हळूहळू सहन. बाबांनी आंघोळीला जाताना पायावरचा बाण धुवायला नकार दिला. म्हणाले, "राहू दे, पुढच्या वेळी डॉक्टरांना तेवढंच काम कमी."

अशा वेळी ज्याची त्याची श्रद्धा उघडी पडते. आत्याच्या मते जे होतं ते भल्यासाठीच. मामांची भिस्त दुसऱ्या डॉक्टरवर. पहिला कोणीही असो, मामांचा विश्वास नेहमी दुसऱ्यावर. आई तर देव पाण्यात घालून बसलेली, आणि तारीख लांबल्यामुळे देवांचाही मुक्काम वाढलेला. मला विचाराल तर मी माझी श्रद्धा त्या लहानखुऱ्या बाईंपाशी ठेवली. ऑपरेशन थिएटर रिकामं, सर्जन हात धुवायच्या बेतात, पेशंटवर बाणसुद्धा काढलेला. आणि अशा वेळी एवढीशी बाई 'आज नको' म्हणते आणि तो मोठा सर्जन वाद न घालता मान हलवतो. 'चला, करून टाकू' म्हणणारी माणसं आपल्या आयुष्यात भरपूर असतात. भूल देताना मला तसलं कोणी जवळपास नको.

हे तत्त्वज्ञान अर्थात ऑफिसात चाललं नाही. पुन्हा रजेचा अर्ज नेला तेव्हा साहेबांनी विचारलं, "वडिलांना गुडघे एकूण किती?"

नंतरची तारीख एका अपघाताने खाल्ली. आमचा नंबर लागणार इतक्यात स्ट्रेचर धावत आत गेलं. मागून एक मुलगा, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ठरवून करायचं ऑपरेशन थांबू शकतं, ते थांबू शकत नव्हतं. आई आमच्यासाठी म्हणत असलेला जप तिने तिथल्या तिथे त्यांच्याकडे वळवला. "आपला गुडघा कुठे पळून चाललाय," म्हणाली. गुडघ्याबाबत हे शंभर टक्के खरं होतं.

आणि मग निघाला दात. तोंडात, लघवीत, त्वचेवर कुठेही जंतू असले तर ते रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात, म्हणून आधी दाताच्या डॉक्टरांचं पत्र हवं. बाबा खुर्चीत जबडा उघडून पडले, खालची दाढ किडलेली सापडली. "अक्कल गुडघ्यात आहे हे तुझी आई सांगायचीच," बाबा मला म्हणाले, "दातही तिथेच आहेत हे आज कळलं."

वाट पाहण्यात बाबांचं वाचन वाढलं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनला ऑपरेशनच्या वेळी सर्वांसमोर ईथरची भूल देणारा विल्यम मॉर्टन हा दंतवैद्यच होता, हे त्यांनी दाढ काढणाऱ्यालाच ऐकवलं. त्याआधी भूल नव्हती, तेव्हा लंडनचा रॉबर्ट लिस्टन दोन-तीन मिनिटांत पाय कापून मोकळा व्हायचा. "त्या काळी तारीख पुढे गेली की पेशंट पेढे..." एवढं बोलून त्यांनी आईकडे पाहिलं आणि वाक्य बदललं, "पेशंट आनंदाने नाचत असेल."

आता दाढ गेली आहे, साखर शहाणी आहे, छाती स्वच्छ आहे. घरात जो शिंकेल त्याला गॅलरीत काढलं जातं. काल मी तासभर तिथे होतो. नवी तारीख ग्रुपवर टाकली. मामांचं लगेच उत्तर आलं की मागचं अभिनंदन त्यांनी परत घेतलेलं नाही, तेच धरावं.